सुरांची आज्ञावली : संगणकाच्या भाषेत स्वर आणि लय कशी लिहितात?

हार्मोनियमवर गांधाराची पट्टी दाबली, की एकच गांधार वाजतो. तो केसभर उतरलेला हवा असो वा किंचित चढा, वादकाच्या हाती काही नसते. पेटी सुरात लावणारा कारागीर जे ठरवून गेला, ते मुकाट्याने मान्य करावे लागते. श्रुती नेमक्या लागत नाहीत आणि मींड काढता येत नाही, हे पेटीवरील जुने आक्षेप. भारतीय संगीतात ते इतके गंभीर मानले गेले, की १९४० मध्ये आकाशवाणीने या वाद्याला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले.

आज घरातल्या साध्या संगणकावर, एक पैसाही न खर्चता, गांधार हवा तिथे ठेवता येतो. तेथे तो पट्टीत अडकलेला नसतो. तो एक आकडा असतो. ३०० लिहिले की एक गांधार, ३०२ लिहिले की दुसरा. ही सोय ज्यांनी दिली, त्यांना 'ऑडिओ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' म्हणजे ध्वनीसाठी घडवलेल्या संगणकीय भाषा म्हणतात. हिशेबाची किंवा बँकेची आज्ञावली जशी लिहिली जाते, तशीच या भाषांत सुरांची आज्ञावली लिहिली जाते. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लागतो तो थोडा धीर, त्रैराशिकापुरते गणित आणि ऐकणारा कान.

सतरा सेकंदांची सुरुवात

या विद्येचा आरंभ १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. मॅक्स मॅथ्यूज हे तेथे दूरध्वनीच्या ध्वनीवर संशोधन करणारे अभियंता. संवादाचा आवाज आकड्यांत रूपांतरित करता येत असेल, तर आकड्यांतून संगीतही निर्माण करता यावे, असा त्यांचा विचार होता. त्यांनी 'म्युझिक वन' नावाची आज्ञावली लिहिली आणि 'आयबीएम ७०४' या अवाढव्य संगणकाने न्यूमन गटमन यांची 'द सिल्व्हर स्केल' ही अवघ्या १७ सेकंदांची रचना तयार केली. त्या काळी संगणक आकडे मोजून चुंबकीय फितीवर उतरवी आणि ती फीत दुसऱ्या यंत्रावर चढवल्यानंतरच स्वर ऐकू येत. लिहिणे आणि ऐकणे यांत मोठे अंतर होते.

पुढील काळात हे अंतर घटत गेले. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये बॅरी व्हर्को यांनी 'सीसाउंड' ही भाषा तयार केली. १९९६ मध्ये जेम्स मॅकार्टनी यांची 'सुपरकोलायडर' आली. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात गे वांग आणि त्यांचे मार्गदर्शक पेरी कुक यांनी 'चक' ही भाषा जगापुढे ठेवली. नवशिक्यांना मूलतत्त्वे समजावून घेण्यास ती विशेष सोयीची आहे. कारण संगीतातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे काळ, या भाषेने आपल्या व्याकरणाच्या केंद्रस्थानी आणून ठेवली आहे. ही भाषा विनामूल्य आहे, तिचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला आहे आणि आता ती थेट इंटरनेट ब्राउझरमध्येही चालते.

पहिला स्वर : तीन ओळींचे गाणे

इंग्रजीत 'चक' म्हणजे भिरकावणे. या भाषेत एका गोष्टीचे मूल्य दुसऱ्या गोष्टीकडे भिरकावले जाते. त्यासाठी 'बरोबर' आणि 'पेक्षा मोठे' ही दोन चिन्हे जोडून झालेला बाण वापरतात. आज्ञावली रोमन लिपीत टंकावी लागते. तिच्या पहिल्या तीन ओळी देवनागरीत लिहिल्या, तर अशा दिसतील :

साइनऑस्क स => डॅक;
२४० => स.फ्रीक;
२::सेकंद => नाऊ;

पहिल्या ओळीत 'साइनऑस्क' म्हणजे शुद्ध, गोल ध्वनिलहर निर्माण करणारा घटक तयार होतो. त्याला 'स' असे नाव देऊन तो 'डॅक'कडे भिरकावला जातो. आकड्यांचे विजेच्या स्पंदनांत रूपांतर करून ती ध्वनिक्षेपकाकडे पाठवणारा जो भाग, तो डॅक. दुसऱ्या ओळीत या लहरीची कंपनसंख्या सेकंदाला २४० ठरते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या स्वरगणितात षड्जासाठी हीच संख्या धरली होती. पेटीच्या भाषेत बोलायचे, तर हा षड्ज काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे पडतो.

तिसरी ओळ या भाषेचा प्राण आहे. 'नाऊ' म्हणजे आत्ताचा क्षण. त्यात दोन सेकंद भिरकावले, की आज्ञावली तेवढा वेळ थांबते आणि त्या दोन सेकंदांत आधी मांडून ठेवलेला स्वर वाजत राहतो. ही ओळ विसरली, तर काहीच ऐकू येत नाही. संगणक पहिल्या दोन आज्ञा क्षणार्धात उरकून मोकळा होतो. जवळपास प्रत्येक नवशिक्याची पहिली चूक हीच असते. स्वर काळात पसरतो आणि तो काळ आपणच द्यायचा असतो, हा पहिला धडा.

संगणकाच्या दृष्टीने हा स्वर अखंड नसतो. एका सेकंदात सामान्यतः ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजून तेवढे आकडे, म्हणजे 'नमुने', ध्वनिक्षेपकाकडे जातात. या संख्येच्या निम्मी, म्हणजे २२,०५० कंपने, ही अशा मोजणीतून उमटू शकणाऱ्या सर्वांत उंच स्वराची मर्यादा. माणसाचा कान साधारण २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो. त्यामुळे एवढे नमुने पुरतात.

ध्वनीच्या उंचीलाही मर्यादा आहे. नमुन्याचे मूल्य उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानच राहावे लागते. तीन लहरी प्रत्येकी ०.५ इतक्या जोराने एकत्र वाजवल्या, तर त्यांची बेरीज दीडपर्यंत पोहोचू शकते. मग एकच्या वरचा भाग छाटला जातो आणि आवाज फाटतो. म्हणून स्वर जितके जास्त, तितका प्रत्येकाचा जोर कमी, हा या कामातला साधा शिष्टाचार आहे.

तीन गांधार, एक कान

आता मुख्य प्रश्न. षड्ज २४० असेल, तर गांधार किती? येथे आज्ञावली अचानक एका जुन्या मराठी वादाच्या अंगणात येऊन पोहोचते.

पियानो आणि आधुनिक पेटी यांच्या पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग करतात. प्रत्येक पुढचा स्वर मागच्याच्या सुमारे १.०५९४६ पट. या हिशेबाने शुद्ध गांधार ३०२.३८ येतो. तानपुऱ्याच्या नादातून स्वयंभू ऐकू येणारा गांधार मात्र षड्जाच्या सव्वापट, म्हणजे बरोबर ३०० असतो. भातखंडे यांनी तारेच्या लांबीवरून केलेल्या मांडणीत तो सुमारे ३०१.४ निघतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले होते आणि आपल्या संशोधनात त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार घेतला होता. श्रुतींची नेमकी जागा कोणती, यावर त्यानंतर अनेक वर्षे वाद झडले. त्या काळी असा दावा तपासायचा, तर खास वाद्य बनवून घ्यावे लागे. आज त्यासाठी आज्ञावलीतील एक आकडा बदलावा लागतो.

प्रयोग सोपा आहे. दोन लहरी घ्याव्यात. एकीवर २४० ठेवावे, दुसरीवर आधी ३००, मग ३०१.४ आणि मग ३०२.३८. येथे एक गंमत घडते. 'साइनऑस्क' वापरला, तर तिन्ही गांधारांत फारसा फरक जाणवत नाही. त्या जागी 'सॉऑस्क', म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतली, की फरक लगेच उघडा पडतो. गोल लहरीत एकच कंपनसंख्या असते. करवती लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सर्व उपस्वर असतात. २४०चा पाचवा उपस्वर १,२०० आणि ३००चा चौथा उपस्वरही १,२००. दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि जोडी शांत, निश्चल वाजते. ३०१.४ घेतल्यास चौथा उपस्वर १,२०५.६ होतो आणि सेकंदाला पाच-सहा वेळा आवाज हेलकावतो. ३०२.३८ घेतल्यास तो १,२०९.५वर जातो आणि थरथर सेकंदाला नऊ-साडेनऊ वेळा होते. तानपुरा जुळवताना गवई ज्या हेलकाव्यांवर कान ठेवतो, तेच हे हेलकावे. येथे ते मोजता येतात.

'चक'मध्ये पेटीच्या पट्टीचा क्रमांक देऊन कंपनसंख्या मिळवण्याचीही तयार सोय आहे. पट्टी क्रमांक ६९ दिला, की ४४० मिळतात. ही सोय मोहात पाडणारी आहे. परंतु ती बारा समान भागांचीच उत्तरे देते. भारतीय सुरावट लिहायची असेल, तर षड्जाचा एक आकडा आरंभी ठरवून बाकीचे स्वर त्याच्या पटीत लिहिणे हेच श्रेयस्कर : ऋषभ नऊ अष्टमांश, गांधार पाच चतुर्थांश, मध्यम चार तृतीयांश, पंचम तीन द्वितीयांश. मग गायकाची पट्टी बदलली, तरी एकच आकडा बदलावा लागतो आणि सारे सप्तक आपोआप सरकते.

मात्र येथे संगणकाचा एक खोडसाळपणा लक्षात ठेवावा लागतो. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले, तर संगणक अपूर्णांक टाकून देतो. तीन भागिले दोन याचे उत्तर दीड येण्याऐवजी एक येते आणि पंचमाच्या जागी पुन्हा षड्जच वाजतो. म्हणून ३.० भागिले २.० असे दशांशचिन्ह देऊन लिहावे लागते. एका टिंबासाठी पंचम हरवतो, हे अनुभवल्यावर ते टिंब कोणी विसरत नाही.

'टक्' आवाजाचे कोडे

सुरांची जागा नेमकी झाली, तरी पहिली सुरावट ऐकताना प्रत्येक स्वराच्या आरंभी आणि शेवटी 'टक्' असा बारीक आवाज येतो. हा संगणकाचा दोष नव्हे. वाजत असलेली लहर अर्ध्यावर तोडली, की ध्वनिक्षेपकाचा पडदा एका क्षणात एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो. त्या उडीचा आवाज म्हणजे 'टक्'. खऱ्या वाद्यात असे होत नाही. बासरीचा स्वर फुंकीबरोबर उमलतो, सतारीचा स्वर छेडल्यावर हळूहळू विरतो.

स्वराला असा आकार देणाऱ्या घटकाला 'एडीएसआर' म्हणतात. त्याचे चार टप्पे : चढ, उतार, मुक्काम आणि ओसरणे. चढाला ८० मिलिसेकंद दिले, तर स्वर बासरीसारखा फुलतो. तेथे पाच मिलिसेकंद दिले, तर तो छेडल्यासारखा ठसठशीत येतो. लहर तीच, कंपनसंख्या तीच. केवळ या चार आकड्यांनी वाद्याचे व्यक्तिमत्त्व बदलते.

येथेही काळाचा धडा पुन्हा गिरवावा लागतो. स्वर सोडण्याची आज्ञा दिल्यावर ओसरण्याला लागणारा वेळ 'नाऊ'कडे भिरकावला नाही, तर पुढचा स्वर लगेच सुरू होतो आणि मागच्याची शेपटी कापली जाते. त्यामुळे एका मात्रेत स्वर किती वेळ धरायचा आणि किती वेळ ओसरू द्यायचा, याची वाटणी लेखकाला करावी लागते. गुरू ज्याला 'स्वराला श्वास द्या' म्हणतात, त्याचेच हे अंकगणित आहे.

यादी, आवर्तन आणि समेची जागा

प्रत्येक स्वरासाठी तीन ओळी लिहायच्या म्हटले, तर एका बंदिशीला वही पुरणार नाही. म्हणून दोन साधने वापरतात. पहिले 'अॅरे', म्हणजे क्रमवार यादी. सात स्वरांच्या पटी एका यादीत लिहून ठेवल्या, की पुढे केवळ क्रमांकाने त्यांना बोलावता येते. दुसरे 'लूप', म्हणजे आवर्तन. हीच ओळ सोळा वेळा कर किंवा थांब म्हणेपर्यंत करत राहा, असे एकदाच सांगता येते.

तालाच्या देशातल्या माणसाला आवर्तन ही कल्पना नवी नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. संगणक मात्र एकापासून न मोजता शून्यापासून मोजतो. त्यामुळे यादीत सम शून्यावर, टाळ्या शून्य, चार आणि बारावर, तर खाली आठवर येते. हे ध्यानात न घेता लिहिलेला तीनताल दिसायला बरोबर असतो, पण सम एक मात्रा उशिरा पडते आणि ऐकणाऱ्याचे डोके चुकीच्या जागी हलते.

मात्रांची संख्या अखंड वाढत जात असताना आवर्तनातील नेमकी मात्रा कशी ओळखायची? त्यासाठी शालेय भागाकारातील बाकी कामी येते. आतापर्यंतच्या मात्रांना सोळाने भागावे. बाकी शून्य आली की सम, आठ आली की खाली. सोळाच्या जागी दहा लिहिले आणि टाळ्यांची यादी दोन-तीन-दोन-तीन या विभागांप्रमाणे बदलली, की त्याच आज्ञावलीतून झपताल वाजू लागतो.

लय बदलण्याचीही एक शिस्त आहे. प्रत्येक ओळीत सेकंद लिहीत बसू नये. आरंभी 'मात्रा' नावाचा कालावधी ठरवावा. मिनिटाला ९० मात्रांची लय हवी, तर साठ भागिले नव्वद, म्हणजे सेकंदाचा दोन तृतीयांश. पुढे सगळीकडे केवळ 'मात्रा' हा शब्द वापरावा. दुगुन करायची, तर मात्रेला दोनाने भागावे. विलंबित करायची, तर गुणावे.

या आवर्तनात एक धोका दडलेला असतो. 'कायम करत राहा' असे सांगितले आणि आवर्तनाच्या आत 'नाऊ'कडे वेळ भिरकावायचा राहून गेला, तर संगणक त्याच क्षणात अनंत फेऱ्या मारू लागतो. काळ पुढे सरकत नाही, आवाज येत नाही आणि आज्ञावली गोठते. वेळेशिवाय आवर्तन म्हणजे भोवरा, हे येथे शब्दशः खरे ठरते.

मींड आणि यदृच्छा

पेटीवर न निघणारी मींड येथे निघते. पण ती लिहिण्यातही एक खाच आहे. षड्जावरून गांधारावर अर्ध्या सेकंदात जायचे आहे. दहा मिलिसेकंदांच्या पन्नास पायऱ्या केल्या, तर प्रत्येक पायरीला ६० भागिले ५०, म्हणजे १.२ कंपने मिळवत जावे, असे प्रथम सुचते. तसे केल्यास मींड आरंभी घाईची आणि शेवटी रेंगाळल्यासारखी होते, कारण कान बेरीज ऐकत नाही, तो पट ऐकतो. म्हणून प्रत्येक पायरीला सुमारे १.००४४७ने गुणत जावे. पन्नासाव्या गुणाकाराला बरोबर सव्वापट होते आणि स्वर सारख्या चालीने गांधारावर पोहोचतो. सप्तकाच्या छोट्या तुकड्यात हा फरक सूक्ष्म असतो. पूर्ण सप्तकाच्या मींडेत तो कोणालाही जाणवतो.

दुसरे तंत्र यदृच्छेचे. यादीतील सात स्वरांतून कोणताही एक उचल, असे संगणकाला सांगता येते. पहिली दोन मिनिटे त्याचे अप्रूप वाटते. मग लक्षात येते, की कोणताही स्वर कोणत्याही स्वरानंतर येऊ लागला, तर चाल उरत नाही. म्हणून यदृच्छेला कुंपण घालतात : सध्याच्या स्वरापासून एक पायरी वर किंवा एक पायरी खाली, एवढेच स्वातंत्र्य. त्यात समेवर षड्ज किंवा पंचमच यावा, अशी अट घातली, की सुरावटीला दिशा येते. किती मोकळीक द्यायची आणि किती बंधन घालायचे, हा निर्णय संगणक घेत नाही. तो लिहिणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

तार छेडण्याचे गणित

लहरींपासून घडवलेले स्वर कितीही आकार दिला, तरी थोडे यांत्रिक वाटतात. तारेचा जिवंतपणा आणण्याची एक विलक्षण सोपी युक्ती १९८३ मध्ये केविन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग यांनी प्रसिद्ध केली. नुसत्या खरखरीचा एक छोटा तुकडा घ्यावा. तो ठरावीक विलंबाने पुन्हा पुन्हा फिरवत ठेवावा आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी काढत जावी. सरासरीमुळे तीक्ष्ण उपस्वर आधी विरतात, खालचे मागाहून. खऱ्या तारेतही हेच घडते. त्यामुळे निव्वळ खरखरीतून छेडलेल्या तारेचा आवाज ऐकू येतो.

स्वराची उंची या विलंबाने ठरते. २४० कंपनांसाठी ४४,१०० भागिले २४०, म्हणजे १८३.७५ नमुन्यांचा विलंब हवा. पाऊण नमुना आणायचा कोठून? १८४ घेतले तर षड्ज २३९.६७ होतो, १८३ घेतले तर २४०.९८. ज्या कामात गांधाराच्या दीड कंपनांवरून पिढ्यांचा वाद झाला, तेथे हा सैलपणा चालणार नाही. त्यासाठी दोन नमुन्यांच्या मधले मूल्य अंदाजाने काढणारा 'डिलेएल' हा घटक 'चक'मध्ये दिलेला आहे. सरासरी काढण्यातही थोडा विलंब खर्च होतो. तो वजा करून अखेरचा मिलाफ कानानेच करावा लागतो.

मंद्र पंचम १८०, मध्य षड्ज २४० दोनदा आणि खर्ज १२०, अशा चार तारा या पद्धतीने क्रमाने छेडल्या, की तानपुऱ्याची चाल उभी राहते. फक्त चाल. मिरजेच्या कारागिराने घोडीवर सुताचा दोरा सरकवून साधलेली जवारी त्यात नसते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात दाखवले होते, की या घोडीमुळे तानपुऱ्याच्या तारेतून असे उपस्वरही उमटतात, जे छेडण्याच्या जागेवरून पाहता उमटायला नकोत. साध्या कार्प्लस-स्ट्राँग तारेला हे कळत नाही. जवारी हवी असेल, तर घोडीवर घासणाऱ्या तारेचे वर्तन वेगळे लिहावे लागते.

अनेक वादक, एक सम

एकटी तार म्हणजे मैफल नव्हे. तानपुरा, ताल आणि सुरावट एकाच वेळी हवीत. 'चक'मध्ये यासाठी प्रत्येक भाग वेगळा लिहून तो 'स्पोर्क' करतात, म्हणजे स्वतंत्र वादक म्हणून मैफलीत बसवतात. प्रत्येक वादकाला 'श्रेड' म्हणतात. प्रत्येकजण आपापल्या ओळी वाचतो, आपापला वेळ 'नाऊ'कडे भिरकावतो. परंतु घड्याळ सर्वांचे एकच असते, तेही एका नमुन्यापर्यंत अचूक. त्यामुळे तानपुऱ्याने केव्हा थांबावे, याची चिंता तालाच्या आज्ञावलीला करावी लागत नाही.

या भाषेचे दुसरे वैशिष्ट्य असे, की वाजते संगीत न थांबवता नवा वादक आत आणता येतो, जुना बदलता येतो. पण तो मात्रेच्या मधेच टपकला तर? त्यावरही भागाकाराची बाकीच उपाय सांगते. आत्तापर्यंत गेलेल्या काळाला आवर्तनाच्या कालावधीने भागावे. उरलेली बाकी म्हणजे या आवर्तनातला संपलेला भाग. ती पूर्ण आवर्तनातून वजा केली, की समेपर्यंत उरलेला वेळ मिळतो. नव्या वादकाची पहिली ओळ तेवढा वेळ थांबण्याची. मग तो नेमका समेवर दाखल होतो.

रंगमंचावर प्रेक्षकांसमोर आज्ञावली लिहीत संगीत घडवण्याची प्रथा याच सोयीतून फोफावली. २००५ मध्ये प्रिन्स्टन येथे डॅन ट्रूमन आणि पेरी कुक यांनी लॅपटॉपचा वाद्यवृंद उभारला. त्यात 'चक'चा मोठा वाटा होता. गे वांग यांनी २००८ मध्ये सहसंस्थापक म्हणून सुरू केलेल्या 'स्म्यूल' कंपनीचे 'ओकारिना' हे आयफोनवर फुंकून वाजवायचे वाद्य याच भाषेच्या आधारे घडले. 'चक'वरील २०१५ सालच्या पाठ्यपुस्तकाच्या लेखकांत वांग आणि कुक यांच्याबरोबर अजय कपूर यांचेही नाव आहे. सतारीला संवेदक जोडून तिचा संगणकाशी संवाद घडवणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात.

हाती काय लागते?

सुरांची आज्ञावली लिहून कोणी गवई होत नाही. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. कोणत्या गांधारावर किती वेळ रेंगाळायचे, त्याला ऋषभाचा स्पर्श किती द्यायचा, हे ज्ञान तालमीतून येते आणि ते अद्याप कोणत्याही यादीत पूर्णपणे मावलेले नाही. संगणक ३०० कंपने बिनचूक देतो. ती कोणत्या क्षणी हवीत, हे त्याला ठाऊक नसते.

परंतु पेटीपुढे बसलेल्या विद्यार्थ्याला जो प्रश्न विचारताच येत नव्हता, तो येथे विचारता येतो. आपण जो गांधार लावतो, तो नेमका कोणता? गुरुजींचा गांधार आपल्यापेक्षा उतरलेला वाटतो, तो किती? आपले कान पेटीच्या ३०२ला सरावले आहेत, की तानपुऱ्याच्या ३००ला? एकेकाळी या प्रश्नांसाठी विद्वानांच्या परिषदा भरत. आता त्यांना दहा-बारा ओळी, कानांवर हेडफोन आणि एक निवांत संध्याकाळ पुरते. आकडा ३०१.४वरून ३०० करावा आणि डोळे मिटून ऐकावे. हेलकावा थांबतो तो क्षण कानाला आपोआप कळतो.